जादाची गाठ

दिवे यायला वेळ लागेल असं दिसतंय. ती मेणबत्ती जरा इकडे सरकवा, म्हणजे बोलताना मला तुमचे चेहरे दिसतील. हल्ली समोरच्याचा चेहरा दिसत असला की मला बरं वाटतं. का ते सांगते.

त्या सहलीच्या आदल्या दिवशी बाबांनी मला दोरी आणायला पाठवलं होतं. कपडे वाळत घालायची, साधी, पांढरी, नायलॉनची. आमच्या घरात सहल म्हणजे कमीत कमी पैशांत काय काय जमतं याची परीक्षा असते. बाबा प्लंबर आहेत. हॉटेलात राहणं म्हणजे त्यांच्या मते दुसऱ्याच्या गळक्या नळाखाली पैसे मोजून आंघोळ करणं. त्यामुळे तंबू जुन्या बाजारातला, झोपायच्या पिशव्या आईने फाटक्या रजयांच्या शिवलेल्या, आणि रेनकोट चौघांना एकाच ढिगातले, एकाच मापाचे, पिवळेजर्द. आम्ही रांगेने चाललो की बदकं निघाल्यासारखी वाटायची. मी वीस वर्षांची, पदवी हातात यायला आलेली, आणि अवतार हा.

दोरीला बाबांनी अंतराअंतराने गाठी मारल्या. डोंगरावर धुकं उतरलं की प्रत्येकाने आपापली गाठ धरून चालायचं, हा त्यांचा नियम. पुढे बाबा, मग आई, मग आत्या, शेवटी मी. आणि माझ्यामागे आणखी एक गाठ, रिकामी.

"ही कोणासाठी?" मी विचारलं. दर वेळी विचारायचे.

"वाटेत कोणी चुकलेलं भेटलं तर? त्याला काय सांगणार, जागा नाही म्हणून?"

"बाबा, ही दोरी आहे. बस नाही."

"ठिणगे, ते तोंड पिशवीत भर आणि खुंट्या मोज," बाबा म्हणाले. घरात मला सगळे ठिणगी म्हणतात. कारण विचारू नका.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. आई दिवसभर लाँड्रीत इस्त्री करायची, म्हणून मला वाढवलं ते आत्याने. ती घरी बसून पडदे शिवायची. मग तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला आणि असा पिकला की समोरचा माणूस तिला नुसता रंगाचा डाग दिसायला लागला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आणखी लांबवलंत तर नजर परत यायची नाही. आणि आत्या ऑपरेशनला तयार नव्हती. डोळ्याला हत्यार लावू देणार नाही म्हणजे नाही. मी तिला चित्रं काढून समजावलं. व्हिडिओ दाखवले, जे तिला दिसतच नव्हते. मग ओरडले, मग दार आपटलं. मोठ्या माणसांचं हेच मला कळत नाही. आयुष्यभर आपल्याला शहाणपण शिकवतात, आणि साधी गोष्ट ऐकून घ्यायची वेळ आली की लहान मुलासारखं तोंड फिरवतात.

"तू सांगतेस की धमकावतेस, तेच समजत नाही मला," आत्या म्हणायची.

तर त्या सहलीत तिला पटवायचं, असं माझं ठरलं होतं. काहीही झालं तरी.

जागा फुकटची होती. जंगलाच्या कडेला तंबूसाठी मोकळी जमीन, एक नळ, एक लाकडी टेबल. हंगाम नसल्यामुळे दुसरं कोणी नव्हतं. वर अर्ध्या डोंगरावर एक तळं. सकाळी आम्ही सगळे तिथे गेलो. खोटं कशाला बोलू, मजा आली. आईने चप्पल काढून कितीतरी दिवसांनी पाय पसरले. बाबांनी तळ्याच्या सांडव्याची तपासणी करून पसंतीची मान हलवली. आत्या पाण्यात पाय सोडून बसली आणि म्हणाली, "मला नुसतं निळं दिसतंय. पण काय निळं आहे गं!"

मी म्हटलं, "ऑपरेशन कर, कडेचं गवतही दिसेल."

"झालं हिचं सुरू," आत्या म्हणाली, आणि पाय बाहेर काढून तिने मोजे चढवले.

दुपारी धुकं आलं. वरून नाही, तळ्यातून वर आलं. आधी पलीकडची झाडं गेली, मग पाणी गेलं. बाबांनी दोरी काढली, रेनकोट घालायला लावले, आणि आम्ही आपापल्या गाठी धरून उतरायला लागलो. माझं काम सोपं होतं. मागून आत्याला सांगत राहायचं, इथे दगड, इथे मुळी, इथे उतार.

थोडंच उतरलो असू. आत्या थांबली आणि हळूच म्हणाली, "ठिणगे, थर्मास वरच राहिला बघ. तुझ्या बापाला कळलं तर पायथ्यापर्यंत व्याख्यान देईल. आण ना पटकन. मी इथे उभी राहते."

मी पुढे ओरडले, "बाबा, जरा थांबा!" पुढून "हो" आलं. मी गाठ सोडली आणि वर पळाले.

थर्मास खडकावरच होता. तो उचलून मी लगेच वळले, आले त्या वाटेने खाली आले. तिथे कोणीच नव्हतं.

"आत्या?"

माझाच आवाज धुक्यात ओल्या कापडासारखा गळून पडला. पानांवरून थेंब ठिबकत होते, तेवढाच आवाज. रागाने माझं डोकं तापलं. एक मिनिट धीर धरवत नाही या लोकांना! तशीच खाली उतरत राहिले, आणि थोड्या वेळाने पायाशी काहीतरी पांढरं सरकताना दिसलं. दोरीचं टोक. शेवटची, रिकामी गाठ जमिनीला घासत सावकाश पुढे चालली होती. मी वाकून ती उचलली.

इतकं बरं वाटलं मला. दोरी ताणलेली होती, पुढे माणसं चालत होती. माझ्या पुढ्यात धुक्यात एक पिवळा रेनकोट दिसत होता, पाठमोरा. आत्या, मी मनात म्हटलं, खाली गेल्यावर बघते तुला.

मग आत्याचा आवाज आला. तो त्या रेनकोटमधून आला नाही. तो त्याच्याही पुढून आला...

"मला भीती वाटते गं. दुसरं काही नाही. डोळे उघडले आणि तिथे काहीच नसलं तर?"

आणि पुढ्यातला पिवळा रेनकोट बोलला.

"इथे दगड आहे, आत्या. डावा पाय आधी. ...हां. आता सांग, कसली भीती?"

आवाज माझा होता. माझाच, पण मी कधी वापरत नाही असा. घाई नसलेला. त्यात रागाचा कण नव्हता. माझ्या गाठीवर, माझ्या जागी कोणीतरी चालत होतं, आणि मी त्याच्यामागून जादाची गाठ धरून चालले होते... चुकलेल्या माणसासाठी ठेवलेली.

ओरडावं, तर आत्या दचकून घसरायची. दोरी सोडावी, तर चारी बाजूंनी पांढरं. आणि आत्या त्याच्या पुढे होती. ते तिला सांगत होतं, इथे मुळी आहे, इथे उतार आहे, आणि आत्या एकदाही अडखळत नव्हती. मी नुसती त्या पाठीकडे बघत चालले. टोपीतून पाणी निथळत होतं. पाऊस नव्हता... तरी निथळत होतं. कुजलेल्या पानांचा वास येत होता, तळ्याच्या तळाशी असतात तसल्या.

"तू म्हणतेस तर करते ऑपरेशन," आत्या शेवटी म्हणाली.

"कर. आणि डोळे बरे झाले की इथेच ये. मग मला नीट बघ... येशील ना?"

"येईन की."

"नक्की?"

"शब्द दिला बाई तुला."

पुढ्यातला रेनकोट थांबला. सावकाश मान वळायला लागली... मी डोळे गच्च मिटून घेतले. हो, मी. हसायचं तर हसा.

उघडले तेव्हा धुकं विरळ झालं होतं. खाली आमचा तंबू, टेबल, नळ. बाबा, आई, आत्या उतरत होते, आणि त्यांच्या मागे माझी गाठ रिकामीच हेलकावत होती. शेवटच्या गाठीवर मी, काखेत थर्मास.

"आज मागे दोरी छान ताणलेली होती," बाबा म्हणाले. "नाहीतर ठिणगी नेहमी लोंबत ठेवते."

"तुम्ही थांबला का नाहीत?"

"थांबलो की. तूच तर म्हणालीस, आले, चला."

आत्या टेबलाशी बसली. तिचा चेहरा मी कित्येक महिन्यांत इतका मोकळा पाहिला नव्हता. "ऐकताय ना सगळे? मी डोळ्यांचं ऑपरेशन करून घेणार आहे. ठिणगीने पटवलं मला."

"ताई, खरंच?" आई तिथल्या तिथे रडायला लागली. बाबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. एकाच थर्मासातला चहा आम्ही चौघांनी झाकणातून आळीपाळीने प्यायलो, आणि सगळे इतके खूश होते की विचारू नका.

मी काय बोलणार होते? खरं सांगितलं असतं तर आत्या पुन्हा हट्टाला पेटली असती आणि तिची नजर गेली असती. म्हणून मी गप्प बसले. जन्मात पहिल्यांदा.

ऑपरेशन छान झालं. आधी एक डोळा, मग दुसरा. शेवटची पट्टी काढली तेव्हा खोलीत आम्ही दोघीच होतो. आत्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. माझ्या नाकावरून बोट फिरवलं.

"रागीटच दिसतेस," ती हसून म्हणाली. "आता मला तळ्यावर घेऊन चल."

"कशाला? समुद्रावर जाऊ. बाबांना स्वस्तातली जागा मिळालीय."

"शब्द दिलाय मी."

"मला दिलास ना? मग मी सोडते तुला त्यातून."

आत्याने माझा हात हातात घेतला. "ठिणगे, डोळे अधू होते, कान नव्हते. तुला मी वाढवलंय. इतक्या मायेने तू आयुष्यात कधी बोलली आहेस का माझ्याशी?"

"म्हणजे तुला... तेव्हाच?"

"पहिल्याच दगडापाशी. पण माझं कोणी ऐकून घेतलं नव्हतं तोवर. तिने घेतलं. आता वाट बघत असेल बिचारी."

उद्या सकाळी निघायचं आहे. बाबांनी हंगाम संपायची वाट पाहिली, जागा फुकट मिळावी म्हणून. आई डबे भरतेय. आत्या शेजारच्या खोलीत दुसऱ्या मेणबत्तीच्या उजेडात स्वतःच्या हाताने रेनकोटचं बटण लावतेय, सुईत दोरा पहिल्याच फटक्यात ओवून. ऐकू येतंय ना, गुणगुणतेय ती? तिला इतकं आनंदात मी कधी पाहिलं नाही. मी हजार कारणं सांगून पाहिली, ओरडून पाहिलं. मी ओरडले की ती नुसती हसते.

मघाशी दिवे जायच्या आधी मी माळ्यावरून दोरी काढली. एवढे महिने ती तिथे उन्हाने तापलेल्या पत्र्याखाली पडून होती. सगळी धुळीने भरलेली, कोरडी खडखडीत. बाबांची गाठ कोरडी, आईची कोरडी, आत्याची कोरडी. शेवटची, जादाची, तीही कोरडी.

माझी गाठ ओली होती. पिळली तर पाणी निघालं, आणि कुजलेल्या पानांचा वास आला.

मी ती तशीच आत्याकडे नेली. म्हटलं, "आत्या, उद्या मी कुठली गाठ धरू?"

तिने सुईवरून नजरही वर केली नाही.

"तू आपली मागची धर, बाळा," ती म्हणाली. "ती रिकामीच असते."