सागवानी मूठ

"हे पिस्तूल तुमचं न्हाईच," हे त्या मुलाचं माझ्याशी पहिलं वाक्य. ना ओळख ना पाळख!

सांगलीच्या शूटिंग रेंजवर टार्गेटचा कागद पुढंमागं नेणाऱ्या दोरीची लाकडी कप्पी मोडली होती, ती दुरुस्त करायला तो कुपवाडहून आला होता. आणि मी... मूठ आवळून आवळून सोललेल्या अंगठ्यावर फुंकर घालत बसले होते.

"मग काय चोरून आणलंय?" मी फणकारले.

"तसं न्हवं वो. मूठ लय मोठी हाय. ट्रिगरला बोट पोचवायला मनगट वाकडं करताय तुमी. दुखतंय ना?"

दुखत होतं तर! मेलं कोपरापर्यंत ठणकत होतं. पण आबांनी, म्हणजे माझ्या रिटायर सुभेदार वडिलांनी, हे एअर पिस्तूल देतानाच बजावलं होतं, "हत्यार बदलायचं न्हाई, शिवांजली. हात तयार करायचा." आणि येत्या रविवारी जिल्हा संघात निवड झाली नाही, तर नेमबाजी कायमची बंद.

त्याचं नाव अतिशय. लोखंड ओतायच्या फौंड्रीसाठी लाकडी साचे करायचं घरचं काम. हत्यार राहू दे, नुसती मूठ बदलून देतो म्हणाला, आणि दुसऱ्याच दिवशी मी त्याच्या वर्कशॉपमध्ये!

"तुम्ही जैन ना? मुंगी मारत नाही, आणि पिस्तुलाची मूठ करणार?"

"आईनंबी तेच इचारलं. म्हटलं, नेम कागदावर असतोय. मग म्हणाली, कर." तो हसला. गालावर लाकडाचा भुसा... पुसावासा वाटला, देवा!

माप घ्यायला त्यानं मऊ मातीचा गोळा माझ्या हातात दिला, वरून स्वतःचा हात ठेवला आणि हळूच दाबला. मी तो गोळा असा आवळला की बस्स.

शुक्रवारी मूठ तयार झाली. सुंदर, सागवानी... आणि पार बारीक! पिस्तूल हातात गरागरा फिरायला लागलं.

"वाटोळं केलंस माझं!" मला रडूच फुटलं. "परवा निवड आहे!"

तो मूठ उलटीपालटी करून बघत म्हणाला, "माप घेताना तुमी माती लय आवळली हुती. मला कळलं हुतं."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर... तुमी हात काढून घेतला असता."

राग कुठल्या कुठं पळाला. मी पटकन हात पुढं केला. "घे माप परत. या वेळी नाही आवळत."

शनिवारभर तो खपला. रविवारी ती मूठ अशी बसली की हातात पिस्तूल आहे हेच मी विसरले. बोट अलगद ट्रिगरवर, मनगट सरळ... आणि निवड यादीत माझं नाव दुसरं!

आबा आले. पिस्तूल उचलून मूठ धरून बघितली, तर त्यांचा पंजा आतच जाईना. कोपऱ्यात उभ्या अतिशयकडं त्यांनी मिशीवर ताव देत बघितलं.

"तू केलीस व्हय रं? इतकं नेमकं माप! किती येळ हात धरला हुतास पोरीचा?"

अतिशयचा चेहरा पांढराफटक. "दोनदा, काका... पहिल्यांदा चुकलं."

मी दोघांच्या मधे जाऊन उभी राहिले. लाज वाटत होती, पण भीती नव्हती.

"आबा, त्यानं कवाच सोडला असता," मी म्हणाले, "मीच सोडू दिला न्हाई."