बुक्क्याची डबी

यशोधनच्या ऑफिसची मंडळी रविवारी जेवायला येणार हे कळताच हॉलंडला लेकाकडे आलेल्या अण्णांनी बॅगेतून झांजा काढल्या, बुक्क्याची डबी गच्च भरली. "पाहुण्यांपुढे अर्धा तास कीर्तन करतो की! माणसं काय नुसती खाऊनच उठणार?"

यशोधनच्या डोळ्यांपुढे वडिलांचं धोतर-उपरणं आणि त्याचा डच मॅनेजर एकदमच उभे राहिले.

"अण्णा, इथे भिंती पातळ. तुम्हाला मोकळी जागा दाखवतो, आवाज मस्त लागेल," म्हणत त्याने रविवारी सकाळीच त्यांना गाडीतून न्यूनेन गावाबाहेर नेलं. मक्याच्या शेताकडेला गोल काँक्रीटचा खड्डा होता. महायुद्धात विमानं पाडायला जर्मनांनी बसवलेल्या तोफेचा. भिंतीत दारूगोळ्याचे कोनाडे, तळाशी शेवाळ.

"श्रोते कुठेत रे?"

यशोधनने घड्याळ पाहिलं.

"बरं, बरं. जा तू. पाहुणे खोळंबतील."

घरी वाढता वाढता सानिका नवऱ्याच्या कानाशी पुटपुटली, "बापाला तोफेच्या खड्ड्यात ठेवून आलास? धन्य आहे तुझी!"  पाहुण्यांची पाठ वळताच त्याने गाडी काढली.

शेताशी उतरला तर झांजा ऐकू आल्या. अण्णा अभंगाचं ध्रुपद म्हणत होते आणि मागून ते कुणीतरी उचलत होतं. घुमतंय, त्याने मनाला समजावलं. इतक्यात अण्णांना ठसका लागला. ते थांबले.

ध्रुपद चालूच राहिलं.

त्याने काठावरून डोकावलं. अण्णा एकटेच. सगळं चिडीचूप.

"ये रे! आत्ताच संपवलं." अण्णांचा चेहरा फुलला होता. "काय गुणी पोरं! भाषा कळेना, तरी एकही मध्येच उठला नाही. फक्त सारखी वर आभाळाकडे बघायची. भ्यायलेली वाटली बिचारी. एकेकाच्या कपाळी बुक्का लावला."

यशोधनने कोनाडे न्याहाळले. भिंतीवर काळा ठिपकासुद्धा नव्हता. अण्णांच्या हातातली डबी मात्र पुसून घेतल्यासारखी रिकामी.

तो पायांशी वाकला. "अण्णा, चुकलो. घरी चला. रात्री आपल्याकडेच कीर्तन करू, सगळ्यांना बोलावतो."

अण्णांनी सवयीने बोट डबीत फिरवलं, त्याच्या कपाळाशी आणलं, आणि थबकले.

"तुला नाही उरला रे."

आवाज मायेचाच होता. पण बोलताना ते यशोधनकडे बघत नव्हते. मान मागे टाकून तेही आता वर, निरभ्र आभाळाकडे बघत होते.