कोपराचा वास

साबणाच्या कारखान्यात तिला सगळे नाकबाई म्हणत. तोंडावरही म्हणत, आणि तिला त्याचा राग नव्हता. नाव पडायचंच तर ते कामावरून पडावं, असं तिचं मत होतं. वरच्या मजल्यावर, उत्तरेच्या खिडकीपाशी, पांढऱ्या टेबलावर रोज सकाळी तिच्यासमोर कागदाच्या पट्ट्या मांडलेल्या असत. प्रत्येक पट्टीच्या टोकाला नव्या साबणासाठी बनवलेल्या सुगंधाचा एक थेंब. तिनं हुंगायचं आणि सांगायचं: जमलाय, नाही जमलाय, किंवा लिंबाची साल अंमळ जास्त झालीय. तिनं मान हलवल्याशिवाय खाली कढया तापत नसत.

दोन पट्ट्यांच्या मध्ये ती बाही वर सरकवून स्वतःच्या कोपराच्या आतल्या घडीत नाक खुपसायची. दुसऱ्याच्या कामात नाक खुपसणारे कारखान्यात पुष्कळ होते, स्वतःच्या कोपरात खुपसणारी ही एकटीच, म्हणून नवख्यांना हसू यायचं. पण या धंद्यातली ही जुनी रीत आहे. ज्या वासात आपण जन्मभर राहतो तो आपल्याला येत नाही. दमलेल्या नाकाला टेकायला आपल्या कातडीसारखी दुसरी जागा नाही. हे तिला उस्तादांनी शिकवलं होतं. उस्ताद म्हणजे तिचे वरिष्ठ. नाक अजून शाबूत, गुडघे मात्र संपावर गेलेले. ते लवकरच निवृत्त होणार होते आणि त्यांची खुर्ची तिला मिळणार, असं जवळजवळ ठरलं होतं. नवरा, लेक आणि हे काम, याहून जास्त तिनं कधी मागितलं नव्हतं. ती सुखात होती.

मग एका मंगळवारी कोपराला वास आला.

वाईट नव्हता. उन्हात वाळलेल्या सुती कापडासारखा, थोडा कोमट, आणि मागून किंचित कोवळ्या काकडीचा. तिनं हात धुऊन पुन्हा हुंगलं. वास होताच. संध्याकाळी घरी जाऊन तिनं हात नवऱ्याच्या नाकापुढे धरला. तो भाजी चिरत होता. त्यानं मान वाकवली आणि हसला.

"हा तुझाच वास. लग्नाआधीपासून हाच आहे. आज कुठून आठवलं?"

तिला गंमत वाटली, खोटं कशाला सांगायचं. इतकी वर्षं जिच्याबरोबर काढली त्या बाईची ओळख आता कुठे होत होती. आणि एकदा वास कळल्यावर बाकीचंही कळायला लागलं. कप उचलताना आपली करंगळी बाहेर राहते. हसण्याआधी आपण श्वास आत ओढतो. फोनवर आपला आवाज उगाच गोड होतो. दुसऱ्याच्या घरी गेलं की दारातच त्या घराचा वास येतो, तसा तिला स्वतःच्या दारात येऊ लागला: इस्त्री, लसूण, लेकीचे रंगीत खडू. छान घर आहे, असं मनात यायचं.

काम मात्र बिघडलं. प्रत्येक पट्टीला आता ते सुती कापड आणि ती काकडी चिकटून यायची. तिनं चांगला नमुना नाकारला, वाईट पास केला. उस्ताद फक्त खुर्चीत जरा घट्ट बसले. नाक गेलं तर नाकबाईचं उरणार काय?

टेकायला जागा शोधत ती कारखानाभर हिंडली. उस्तादांच्या कोपराला तपकिरीचा वास, गच्चीवरच्या हवेला धुराचा. शेवटी जुन्या नमुन्यांच्या खोलीत, दारामागच्या खुंटीवर एक पांढरा कोट दिसला. तिनं त्याच्या बाहीत नाक घातलं. काहीच नाही. साबण नाही, धूळ नाही, माणूस नाही. नाक असं निवलं की डोळे मिटून तिथंच उभं राहावंसं वाटलं.

कोट कुणाचा, ते कुणालाच माहीत नव्हतं. उस्तादांनी तो हातात घेतला, हुंगला आणि लगेच परत दिला.

"दुसऱ्याच्या बाहीवर नाक टेकवू नकोस," ते म्हणाले. "चुका होऊ देत. आपलं कोपर सोडायचं नाही."

"पण उस्ताद, याला वासच नाही."

"तुला येत नाही," ते म्हणाले. "मला येतोय."

तिनं कोट घातला. त्यानंतर तिचा एकही निकाल चुकला नाही. खुर्ची मिळाली. खालच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि तिला अगदी भरून आलं. कोट ती घरीही घालून जाऊ लागली. काढला की उगाच उघडं वाटायचं.

लेक जेवताना एक खुर्ची सोडून बसू लागली. नवरा एकदा तिला स्वयंपाकघरात पाहून दचकला. तू आल्याचं कळलंच नाही, म्हणाला. तिला वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

एका शुक्रवारी ती लवकर घरी आली. ऊन अजून खिडकीत होतं. किल्ली कुठल्या खिशात असते ते आठवेना, म्हणून तिनं बेल वाजवली.

नवऱ्यानं दार उघडलं. तिच्याकडे पाहिलं, कोटाकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा मोकळा झाला.

"कारखान्यातून आलात ना? या, बसा. ती येईलच इतक्यात."

लेक त्याच्या पायांमागून डोकावत होती.

ती बसली. त्यानं पाणी आणून दिलं. माणूस चांगला वाटला.

"कामात कशी आहे हो आमची?" त्यानं विचारलं.

"चोख," ती म्हणाली. अगदी मनापासून.

काहीतरी आठवायला हवं होतं. पण नाक शांत होतं, आणि नाक शांत असलं की तिचं सगळंच शांत असे.

जिन्यात पावलं वाजली. त्यांच्या आधी, दाराच्या फटीतून, उन्हात वाळलेल्या सुती कापडाचा वास आत आला.

लेक दाराकडे धावली.

ती उठून उभी राहिली आणि कोटाची बटणं नीट लावली. घरच्या बाईंशी पहिलीच भेट होती.