पांढरी, निळी, की तिसरीच?

शहरबानूने पांढऱ्या व्हॅनचं मागचं दार उघडलं आणि आतून एक माणूस तिच्या पायाशी येऊन पडला.

पडला म्हणजे अर्धाच पडला. कमरेखालचा भाग आत, दुमडत्या सीटखाली अडकलेला. वरचा बाहेर, डोकं खाली, टाय तोंडावर.

"आई गं... मेलो!"

शारजाच्या खाडीकाठच्या या गाड्यांच्या यार्डात जो तो हिंदीत नाहीतर अरबीत बोलायचा. तिथे हे 'आई गं' ऐकून शहरबानू क्षणभर सगळं विसरली.

"कुठले हो तुम्ही?"

"श्रीवर्धनचा... पण आधी ओढा तरी!"

परक्या तरुणाचा हात कसा धरायचा? ती घुटमळली. शेवटी सोबत आलेल्या तिच्या आत्याने, हाफिजाफुफीने, पुढे होऊन त्याची दोन्ही मनगटं धरली आणि फणसातून गरा ओढावा तसं त्याला बाहेर काढलं. त्याने टाय सरळ केला, केसांतली वाळू झटकली आणि मोठ्या रुबाबात म्हणाला, "या. मी वली. बदरुद्दीनशेठचा सेल्समन. ही सीट... अगदी सहज दुमडते."

शहरबानूला हसू आवरेना. तिने ओढणीचं टोक तोंडावर धरलं, पण त्याने ते पाहिलं. आणि त्याने पाहिलं हे तिनेही पाहिलं.

ही सदुसष्ट सालच्या नोव्हेंबरातली गोष्ट. बानूचे अब्बा गनीमास्तर शारजाच्या बाजारात शिंपीकाम करत. मूळचे दाभोळचे, हात सोन्याचा. पण दोन कापडांतून एक निवडायला सांगितलं की दोन्ही घेऊन यायचे. तेल शोधणारी एक कंपनी गाशा गुंडाळून निघाली तेव्हा तिची चंदेरी पत्र्याची कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरची एक लांबलचक खोलीच, त्यांनी अशीच घेऊन टाकली. घरी आल्यावर लक्षात आलं की तिला ओढायला काहीच नाही.

पण तिचं काय करायचं ते बानूला सुचलं. अजमान, उम्म अल कुवैन, त्याच्याही पुढची गावं... तिथल्या बायका शिंप्याच्या दुकानात येत नसत. जुना कपडा पाठवायचा आणि नवा अंदाजाने यायचा. "अब्बा, आपण मशीनच त्यांच्या दारी नेऊ. आत मी आणि फुफी माप घेऊ, पुरुष कुणी नाही!" उम्म अल कुवैनच्या एका मोत्याच्या व्यापाऱ्याच्या घरून लगेच बोलावणंही आलं. रमजानच्या आत त्यांच्या मुलीचं लग्न होतं, सगळ्या घराचे कपडे शिवायचे होते. हे जमलं तर धंदा उभा राहणार होता. नाही जमलं तर बानू आणि फुफी मुंबईच्या आगबोटीत बसून दाभोळला परत, आणि तिथे खालाने एक स्थळ हेरून ठेवलेलंच होतं.

"गाडी तू निवड," अब्बा म्हणाले. "चालवेन मी. पण निवड तू. मला सगळ्याच छान वाटतात."

आणि म्हणून ती इथे होती.

"आम्ही सहा माणसं," ती वलीला म्हणाली, "म्हणजे शिवणाऱ्या बायका धरून. शिवाय कापडाचे तागे. आणि मागे कॅराव्हॅन. कुठली घेऊ?"

"ही पांढरीच!" वली ठामपणे म्हणाला. "दहा माणसं बसतात. आणि कॅराव्हॅन ओढते."

"दोन्ही एकदम?"

वली थांबला. त्याने व्हॅनकडे पाहिलं, मग फुफीच्या भरल्या अंगाकडे पाहिलं, मग घाईने आकाशाकडे.

"इन्शाल्ला," तो म्हणाला.

दोन दिवसांनी त्या पुन्हा गेल्या तेव्हा तो म्हणाला, पांढरी नको, निळी घ्या. निळीचं इंजिन दमदार आहे. पुढच्या खेपेला म्हणाला, निळीही नको... तिचा क्लच बरोबर वाटत नाही. मग म्हणाला, थोडं थांबाल का? बोटीने नव्या येणार आहेत. आणि हे सांगताना तो शहरबानूच्या डोळ्यांकडे न बघता तिच्या चपलांकडे बघत राहिला.

"याला विकायचंय की नाही?" परतीच्या वाटेवर ती चिडून म्हणाली. "डोकं नुसतं गरगरतंय माझं."

"तुला तरी घ्यायचंय की नाही?" फुफी म्हणाली. "त्या दिवशी निळीत बसून काय म्हणालीस? आत वास येतो म्हणे. मला तर काही आला नाही."

बानू आठवू लागली. खरंच... कसला वास आला होता आपल्याला? साबणाचा. आणि तो गाडीचा नव्हता.

एका सकाळी वली म्हणाला, "बोलणं खलास. आज ओढूनच बघू."

गावाबाहेर समुद्राकडे सबखा होता. वरून कोरडी, खाली चिखल असलेली खारट जमीन. उम्म अल कुवैनची वाट अशाच जमिनीवरून जायची. तिथे अब्बांनी पांढऱ्या व्हॅनला कॅराव्हॅन जोडली. वलीने आत तीन माणसं बसवली, ताग्यांच्या ऐवजी सिमेंटच्या गोण्या टाकल्या आणि स्वतः स्टिअरिंगवर बसला. बानू आणि फुफी लांब उभ्या राहिल्या.

गाडी निघाली. शंभरेक पावलं बरी गेली. मग कॅराव्हॅनच्या भाराने व्हॅनचा मागचा भाग खाली बसू लागला आणि नाक वर उठलं, समुद्रावर लाटेला लागताना नावेचं उठतं तसं. पुढची चाकं जमिनीला जेमतेम शिवत होती. वली स्टिअरिंग डावीकडे वळवत होता आणि गाडी मात्र आपल्या मनाने सरळ चालली होती... सरळ, पाण्याकडे. ब्रेक लागला तेव्हा कॅराव्हॅन मागून डोलली, तिरकी झाली आणि कशीबशी उभी राहिली.

बानू धावत गेली. आपण का धावलो ते तिला नंतर सांगता आलं नसतं. कॅराव्हॅन तिची होती, हे खरं. पण ती कॅराव्हॅनकडे धावलीच नव्हती.

"लागलं का?"

"नाही." त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "बानू... म्हणजे, शहरबानूबाई. आत तुम्ही बसला असता ना..."

 दोघं तशीच उभी. वारा खारट होता. तिची ओढणी उडून त्याच्या बाहीला अडकली. त्याने ती इतक्या हळू सोडवली की जणू काचेची होती.

अब्बा मात्र खूश होते. "छान ओढते की!" ते लांबून ओरडले.

त्यानंतर दोन दिवस वली यार्डात दिसला नाही. तिसऱ्या दिवशी भेटला. दाढी वाढलेली, हातांना ग्रीस.

"मी सगळीकडे विचारून आलो," तो म्हणाला. "ड्रायव्हरांना, मेकॅनिकांना. आम्ही सगळं उलटं मोजत होतो. आत जेवढी माणसं आणि सामान, तेवढी मागे ओढायची ताकद कमी होते. दहा माणसं बसतात हेही खरं आणि कॅराव्हॅन ओढते हेही खरं, पण दोन्ही एकाच वेळी नाही. तुम्हाला लांब चासीची, म्हणजे लांब सांगाड्याची गाडी पाहिजे, मागच्या स्प्रिंगांचे पाटे जाड, हूक बंपरला नाही तर थेट चासीला बसवलेला."

"मग ती कुठेय?"

"आमच्याकडे नाही. दुबईत, देऱ्यात, दुसऱ्या शेठकडे आहे. करड्या रंगाची. तुम्ही तिथून घ्या." तो थांबला. "इथे... इथे परत येऊ नका. आमच्याकडची कुठलीच घेऊ नका."

शहरबानूच्या कानात एवढंच राहिलं. परत येऊ नका.

"बरं," ती म्हणाली. "यल्ला, चल फुफी."

ती भराभर चालत सुटली. इतके दिवस हा काय खेळ होता? आज ही, उद्या ती, मग थांबा, आणि आता जा! ओढणी सोडवतानाचे ते हात खरे की हे शब्द खरे? तिला कळेना. कळत नाही याचा राग येत होता, आणि राग कुणावर तेही कळेना.

करडी व्हॅन मात्र सांगितली तशीच निघाली. बानूने आधी सगळ्यांना आत बसवलं, तागे भरले आणि मगच कॅराव्हॅन जोडायला लावली. नाक जागच्या जागी राहिलं. ती तिथेच 'हीच' म्हणाली. अब्बांना शेजारची हिरवीही आवडली होती, पण तिने त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं.

उम्म अल कुवैनमध्ये पाच दिवस कॅराव्हॅनचं दार उघडं-बंद होत राहिलं. व्यापाऱ्याच्या घरच्या बायका, शेजारच्या, शेजारच्यांच्या शेजारच्या. लाजऱ्या नवरीने पहिल्यांदाच आपल्या मापाचा कपडा घातला आणि आरशासमोरून हलेना. "हबीबी, हबीबी," म्हणत तिच्या आईने बानूचे गाल धरले. बानू हसली. मग बाहेर येऊन करड्या व्हॅनच्या पायरीवर बसली आणि तिला एकदम रडू आलं.

सहाव्या दिवशी आभाळ भरून आलं. तिथे पाऊस म्हणजे अपूर्वाई. मुलं बादल्या घेऊन अंगणात उतरली. आणि त्या पावसात, खजुराच्या गोण्या भरलेल्या एका लॉरीच्या टपावरून, वली उतरला. चिखलाने गुडघ्यापर्यंत माखलेला.

"लॉरी दोनदा रुतली," तो म्हणाला. "म्हणून उशीर."

"कशाला आलात? मला तर वाटलं, तोंड बघायचं नाही आमचं."

"मी असं कधी म्हणालो?"

"परत येऊ नका म्हणालात!"

"गाडीसाठी येऊ नका!" तो कळवळून म्हणाला. "शेठ म्हणत होते, काहीही करून पांढरी गळ्यात मार. तुम्ही पुन्हा आला असता तर त्यांनी मारली असती. मला ते... मला ते सहन झालं नसतं."

पाऊस पत्र्यावर ताशा वाजवत होता. बानूने नजर वर केली.

"आणि निळीचा क्लच?"

वलीने मान खाली घातली. "क्लच चांगला होता."

"नव्या गाड्या येणार होत्या त्या?"

"कुठल्याच येणार नव्हत्या." तो पुटपुटला. "गाडी विकली असती तर तुम्ही यायचं थांबवलं असतं. म्हणून मी... रोज काहीतरी... खोटं बोललो मी. चिडा माझ्यावर."

बानूला चिडायचं होतं. खूप चिडायचं होतं. पण ओठांच्या कोपऱ्यांनी दगा दिला.

"निळीत वास येत नव्हता," ती हळूच म्हणाली.

"काय?"

"मीही खोटं बोलले होते."

तो तिच्याकडे बघत राहिला. चेहऱ्यावरून पाणी ओघळत होतं, ते पुसायचंही त्याला सुचलं नाही. मग त्याने एकदम मनातलं बोलून टाकलं.

"मला तुम्ही हव्या आहात, बानू. येत्या शुक्रवारी गनीमास्तरांना विचारायला येईन... इन्शाल्ला."

"तुमच्या इन्शाल्लाचा भरवसा नाही मला," ती म्हणाली. "अब्बा कॅराव्हॅनमध्ये चहा पीत बसलेत. आत्ताच विचारा."

वलीने चपला काढल्या, पुन्हा घातल्या, पुन्हा काढल्या आणि आत गेला. दार लागलं. फुफीने खिडकीचा पडदा ओढून घेतला. बानू पावसात उभीच राहिली. आतून एकही शब्द ऐकू येईना. ओरडणं नाही, हसणं नाही... काहीच नाही. लॉरीवाल्याने हॉर्न दिला. भरती यायच्या आत त्याला सबखा ओलांडून वलीसह शारजाला परतायचं होतं.

दार उघडलं. वली बाहेर आला तो पूर्ण गोंधळलेला.

"काय म्हणाले अब्बा?"

"काहीच नाही."

"काहीच नाही?"

"मी सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग उठले, गळ्यातली टेप काढली आणि माझं माप घेतलं."

"कसलं माप?"

"खांदे. छाती. बाही. मग गळ्यापासून थेट गुडघ्यापर्यंत." त्याने केविलवाण्या नजरेने तिच्याकडे पाहिलं. "मग फुफींना म्हणाले, ते मोतिया रंगाचं कापड काढ. बानू, म्हणजे... हो की नाही?"

बानूचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. हॉर्न पुन्हा वाजला.

"गुडघ्यापर्यंत लांब असतं आणि मोतिया असतं, असं नवरामुलगा काय घालतो," ती पाठ फिरवत म्हणाली, "याचा शारजापर्यंत विचार करत जा."

ती पायरी चढून आत गेली. बाहेर लॉरी निघाल्याचा आवाज आला. थोडी पुढे गेली असेल-नसेल, तोच टपावरून कुणीतरी आनंदाने इतक्या जोरात ओरडलं की अंगणातली मुलं बादल्या टाकून बघायला धावली.