परत आवळलेला दोर

जानेवारीतली दुपार. खाडीच्या तोंडाशी वारा एकाएकी चढला आणि फेलिशियाची छोटी शिडाची होडी एका कुशीवर कलली. शीड आखडून लहान करायला तिने दोर ओढला, पुन्हा ओढला... पण तो मध्येच अडकला. शीड वेड्यासारखं फडफडू लागलं, तेवढ्यात मागून एक मच्छीमार बोट आली.

"मॅडम, दोर फेकतो, धरा!" सुकाणूवरचा तरुण ओरडला. "का पोहत येनार?"

तो पाचूबंदरचा आलोशियस. त्याने होडी ओढत धक्क्याला आणली. फेलिशियाच्या केसांतून पाणी निथळत होतं.

"मला शीड आखडता येतं," ती रागानेच म्हणाली. "दोरच ऐकत नाही."

"मग दोराला समजवू या की." त्याच्या डोळ्यांत हसू होतं, पण थट्टा नव्हती.

निर्मळ गावातल्या घरी डॅडींनी मात्र एकच वाक्य ऐकवलं. "येत्या रविवारी मी होडीत बसतो, फेली. वाऱ्यात शीड आवरलंस तर ठीक, नाहीतर होडी विकली समज."

सोमवारी शाळेतले तास शिकवून झाल्यावर तिची स्कूटर थेट पाचूबंदरला. मासळीचा लिलाव आटोपून आलोशियसही आला. तिने दाखवलं — शीड थोडं उतरवायचं, पुढची कडी डोलकाठीजवळच्या आकड्यात अडकवायची, मग मागचा दोर ओढायचा, की शिडाची मागची कडी आडव्या काठीवर येऊन बसते. पण ती बसतच नव्हती. वीतभर वरच राहायची आणि शिडाचं पोट सुटायचं.

त्याने कप्पीला तेल दिलं. मंगळवारी दोराची गाठ काठीवर थोडी मागे सरकवली. वीतभराचं अंतर चार बोटांवर आलं... पण राहिलंच.

"हट्टी आहे," तो म्हणाला.

"होडी?"

"होडीपन."

बुधवारी ती जरा लवकर पोहोचली, आणि एकटीच असताना तिला उमगलं. आडवी काठी खाली धरून ठेवणारा दोर तिनेच करकचून आवळलेला होता! काठी वर उचललीच जात नव्हती, मग कडी टेकणार कशी? तिने तो सैल केला. मागचा दोर लोण्यासारखा सरकला, कडी काठीवर अलगद बसली.

एवढ्यात धक्क्यावर पावलं वाजली. ओळखीची...

फेलिशियाने पटकन शीड पूर्ववत केलं. आणि तो दोर — परत आवळला.

गुरुवार असाच गेला. शेजारी बसून त्याने आजोबांच्या शिडाच्या बोटीच्या गोष्टी सांगितल्या, आणि बोटांना बोटं लागली की दोघंही उगाच कप्पीकडे बघत राहिली. शुक्रवारी तो आलाच नाही. शनिवारी आला तो हातात नवीकोरी कप्पी घेऊन.

"मुंबईत दिवसभर फिरलो. काल बोट माझ्याशिवाय गेली," तो आनंदाने म्हणाला. "आता बग कसा सरकत नाय!"

फेलिशियाला गलबलून आलं. "आलोशियस... जुनी कप्पी चांगलीच आहे." तिने खालचा दोर सोडून दाखवला. "मला बुधवारीच कळलं होतं."

त्याने तो सैल दोर बोटांनी चाचपून पाहिला. मग कप्पी तिच्या पायाशी ठेवली आणि निघून गेला.

रविवारी वारा जोरात होता. डॅडी होडीत ताठ बसलेले. पहिला झोत आला तशी तिने खालचा दोर सोडला, शीड उतरवलं, पुढची कडी अडकवली, मागचा दोर ओढला. होडी सरळ झाली आणि शांतपणे लाटा कापू लागली.

"विकायची नाही," डॅडी हळूच म्हणाले. पण तिचे डोळे धक्क्याकडे लागले होते.

तो उभा होता.

होडी धक्क्याला लागल्यावर डॅडी स्कूटरकडे गेले. ती होडीतच थांबली. "अजून रागावलायस?"

"काल होतो." तो पाण्याकडे बघत म्हणाला. "मग रातभर इचार केला... कोन पोरगी आपल्यासाठी दोर परत आवळते?"

"जिला सांगता येत नाही, ती." ती म्हणाली. "आज काहीच बिघडलेलं नाही, आलोशियस. तरी मी... उद्याही येणार आहे."

त्याने तिला वर घ्यायला हात पुढे केला, आणि एकदम मागे घेऊ लागला. "थांब, मासळीचा वास येतो हाताला."

"येऊ दे," ती म्हणाली, आणि तो हात घट्ट धरून धक्क्यावर चढली. वर आल्यावरही तिने तो सोडला नाही.