गिरणीनं उतरवलेला सूर

कौसल्याबाईंनी कॅसेट तिसऱ्यांदा ऐकली. "काय वाटतं?"

"गाणारा पक्का," त्यांचे यजमान रामराव म्हणाले. "वाजवणारे कच्चे. मधे एकदा गिटार आणि बास दोन्ही जोडीनं घसरल्या. हा मात्र सुरात!"

कौसल्याबाई जालन्यात खासगी तपास करत. नवऱ्याचा कान त्यांच्या फार कामाचा. ऐकलेल्याचा अर्थ त्याला लागत नसे, हा भाग वेगळा.

समोर वाटूरचा देवानंद बसला होता. "बाई, ही कॅसेट तीर्थपुरीच्या भुजंगची, पर चाल माझी, वाजवणं बी माझंच. आन त्यो म्हणून राह्यला, मीच चोर! उद्या हसनाबादला बुद्धपौर्णिमेचा कार्यक्रम हाय. कार्यक्रम ठेवणारे कडूबाकाका म्हणले, चोराला स्टेजवर चढू देणार न्हाई."

"तुमचं वाजवणं त्याच्या कॅसेटमध्ये कसं जाईल?"

देवानंदनं त्याची रीत सांगितली. घरी तो गिटार वाजवी आणि त्याचा साथीदार वसंता बास गिटार. आवाज माईकशिवाय, तारेतून थेट रिळावर उतरायचा. मग तेच रीळ ॲम्प्लिफायरमधून वाजवायचं, समोर माईक मागंपुढं सरकवायचा आणि आवाज मनासारखा आला की दुसऱ्या रिळावर घ्यायचा.

"म्हणजे मूळ रीळ ज्याच्या हाती, त्याच्या घरी तुम्ही दोघं हजर," कौसल्याबाई म्हणाल्या. "पण हे पटवायचं कसं?"

वाटूरला वसंता मान खाली घालूनच बोलला. "रीळ पेटीतच हाय, ताई. खोलीत आम्हा दोघांशिवाय कोणी येत न्हाई."

"बास छान वाजवता. लोक कौतुक करतात?"

"लोकाला गिटार दिसती. बासवाल्याला कोण इचारतंय?"

तीर्थपुरीला भुजंगनं चहा पाजला. त्याच्या घराची भिंत पिठाच्या गिरणीला लागून होती.

"गिटार शिवाजीनं वाजवली, बास मच्छिंद्रानं. मी मधे बसून गायलो. सेलवरच्या टेपरेकॉर्डरवर घेतलं."

तेवढ्यात शेजारची गिरणी घरघरत सुरू झाली. खोलीतला दिवा मंदावला आणि पुन्हा उजळला.

"कॅसेटमध्ये हीच घरघर ऐकू येते," रामराव म्हणाले. "अगदी ते दोघं घसरतात तिथंच."

"येनारच. गिरणी काय आपल्यासाठी थांबती व्हय?"

कोपऱ्यात फडक्याखाली रिळांचा मोठा, विजेवरचा टेपरेकॉर्डर होता. लग्नात गाणी लावायला ठेवलाय, असं भुजंग म्हणाला.

"देवानंदच्या साथीदाराला ओळखता?"

"वसंताला? बिलकुल न्हाई. कधी भेटलोच न्हाई."

दुसऱ्या दिवशी हसनाबादच्या मांडवामागं सगळे जमले. कडूबाकाकांचा चेहरा कडक होता.

"गिरणी सुरू झाली की भुजंगच्या घरातल्या विजेचा दाब क्षणभर उतरतो," कौसल्याबाई म्हणाल्या. "कॅसेटवर नेमकी तेव्हाच गिटार-बास उतरते. आता सांगा, विजेचा दाब उतरला म्हणून गिटारची तार सैल होते का?"

"न्हाई," काका म्हणाले. "आवाज बारीक होईल फक्त."

"बरोबर. सूर कशाचा उतरतो? विजेवर फिरणाऱ्या रिळाचा. रीळ मंदावलं, त्यावरची दोन्ही वाद्यं एकदम खाली आली. गळा जिवंत माणसाचा आणि कॅसेट सेलवर, म्हणून गळा तसाच राहिला. त्या खोलीत शिवाजी नव्हता, मच्छिंद्रही नव्हता. देवानंदचं रीळ वाजत होतं."

त्यांनी देवानंदच्या पेटीतलं मूळ रीळ लावलं. तोच ठेका, त्याच हरकती, फक्त घसरण नव्हती.

"रीळ भुजंगला दिलं वसंतानं, मग परत पेटीत ठेवलं. मी साथीदार एवढंच म्हटलं होतं, नाव भुजंगनं स्वतःहून घेतलं. न भेटलेल्या माणसाचं!"

वसंताच्या डोळ्यांत पाणी आलं. "भुजंग म्हणला, माझ्या गायनपार्टीत तुझं नाव पुकारीन. भुललो, देवा. तुला चोर म्हणंल असं न्हाई वाटलं."

"दोघंबी निघा इथून!" काका गरजले.

देवानंद पुढं आला. त्याला राग आला होता आणि वाईटही वाटत होतं. तो म्हणाला, "काका, साथ घसरली तरी ह्या भुजंगचा गळा ढळला न्हाई. असा गाणारा मला कुठं भेटायचा? गाऊ द्या त्याला. पण चाल कोणाची, ते त्यानंच माईकवर सांगायचं."

रामराव बायकोच्या कानाशी लागले. "म्हणजे चोरीनंच त्याचा गळा सिद्ध केला?"

"अहो, आज तुम्हाला अर्थ लागला की!"

काकांनी मान डोलावली, तसा भुजंग खालमानेनं माईकपाशी गेला. मागं वळून त्यानं हळूच विचारलं, "तुझं नाव कसं घेऊ?"

"माझं घे मागून," देवानंद गिटार गळ्यात अडकवत म्हणाला. "आधी वसंताचं घे."