भावंडाचा वाटा

"...ओरा अशी दाराशी येऊन बसली, की त्या घरातलं माणूस गेलं म्हणून समजावं. नाहीतर मग..."

बुंगाआजीचं बोलणं तिथंच तुटलं, कारण विहिरीच्या वाटेवर राहिमाकाकू कळशी घेऊन येताना दिसली. बायकांनी एकदम दोर ओढायला घेतले.

"थांबलात का? बोला की," राहिमा म्हणाली.

"काही नाही गं. पाणी खारट लागतंय, ते बोलत होतो."

"पाणी माझ्या लग्नाच्या आधीपासून खारटच आहे."

एकदोघी हसल्या. बुंगाआजी मात्र हसली नाही. "तुझ्यासमोर बोललं की बोट लागायच्या आत धक्क्यावर पोचतं, राहिमा. त्यापेक्षा खारट पाणी बरं," असं म्हणून तिनं घागर उचलली आणि ती निघून गेली.

राहिमाला याचा राग आला नाही. नाक खुपसल्याशिवाय तिचा दिवस जात नसे, हे तिलाही ठाऊक होतं. पण कुणाच्या घरी चूल पेटली नाही तर पहिला भाताचा टोप तिचाच पोचायचा, हेही गावाला ठाऊक होतं. आणि आजीनं जे अर्धं सोडलं त्यात नवीन ते काय होतं? ओरा दाराशी बसली की माणूस गेलं, एवढं तर पोरंसुद्धा सांगतील.

त्या बेटावर प्रत्येक माणूस जोडीनं जन्माला येतो. एक आईच्या कुशीत, दुसरं जंगलात, अजस्र घोरपडीसारखं, चार पायांचं आणि जाड खवल्यांचं; तीच ओरा. म्हणून कुणी ओरावर दगड उचलत नाही. वाटेत आडवी आली तर "बाई, वाट दे" म्हणायचं आणि ती सरकते. तिला बघायला लांबलांबचे पाहुणे बोटी भरून येतात, तेव्हा टोकाला दोन फाटे असलेली, दुबेळक्याची काठी घेतलेला वाटाड्या पुढं असतो. तशीच काठी घेऊन हाफसाचा नवरा दहलान मागच्या शुक्रवारी पाहुण्यांना कोरड्या ओढ्याकडं घेऊन गेला. पाहुणे रडत, धापा टाकत परत आले. दहलान आला नाही. दुसऱ्या दिवशी काठी तेवढी सापडली.

आणि परवापासून एक ओरा येऊन बसली होती. हाफसाचं घर आणि राहिमाचं घर शेजारीशेजारी, दोन्ही उंच खांबांवर, मधे बोळभर वाळू. त्या वाळूत ती पोट टेकून पडली होती, पुरुषभर लांब. दोन्ही घरांच्या शेळ्या खालून पळून मशिदीमागं जमल्या होत्या. पोरांना जिन्यावरून उतरायची चोरी झाली होती. उन्हात तिचा वास यायचा, ओल्या चामड्याचा, आणि त्याखाली कसलासा गोडसर. रात्रंदिवस तिचा श्वास फळ्यांतून वर ऐकू यायचा... सावकाश, कुणीतरी घरातच झोपलंय असा.

अशी बसली, की तिला सांगावं लागतं. घरच्या माणसानं शेळीची तंगडी खाली टाकायची आणि म्हणायचं, तुझं भावंड गेलं, त्याची वाट बघू नकोस, हा त्याचा वाटा, खा आणि तुझ्या वाटेला लाग. मग ती आपल्या माणसाला विसरते आणि जंगलात परत जाते.

हाफसा सांगायला तयार नव्हती.

"मी बोलले की तो गेला, राहिमावहिनी. अजून मी बोलले नाही. म्हणजे अजून आहे."

"अगं, पण तिला किती दिवस ताटकळत ठेवणार? तिच्याही जिवाला घोर आहेच ना?"

"तुमचा साहरुल उद्याच्या बोटीनं येतोय. तुम्ही त्याची म्हाकुळं वाळवा. माझ्या घराचं मी बघते."

हे राहिमाला लागलं. साहरुल तिचा एकुलता एक. पाहुण्यांच्या बोटीवर दोन वर्षं राबून तो आता कायमचा घरी येत होता. वाटाड्याची काठी हातात घेणार होता. त्याच्या आवडीची ही मासळी, म्हाकुळं, खरंच दोरीवर वाळत होती. पण शेजारीण अशी वाळून चाललेली आणि आपण म्हाकुळं परतत बसायचं, हे तिच्या स्वभावात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी हाफसा शोधायला गेलेल्या माणसांची वाट बघत गावाच्या टोकाला जाऊन बसली. गाव उन्हानं गप्प होतं. घरच्यांच्या जागी शेजाऱ्यानं सांगितलं तरी चालतं, अशी रीत आहे. राहिमानं आपल्या शेळीची तंगडी घेतली आणि ती आपल्याच जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहिली.

"बाई..."

ओरानं मान वळवली. हाफसाच्या दाराकडं नाही. वर, राहिमाकडं. पिवळट जीभ बाहेर आली, आत गेली.

राहिमानं सगळं म्हटलं, एक शब्द न चुकता. शेवटचा शब्द संपला आणि खालचा तो श्वास थांबला. माशीचाही आवाज नव्हता. मग ओरा उठली. तंगडी तोंडात घेतली, पण खाल्ली नाही. तशीच घेऊन ती वळली आणि झुडपांकडं चालू लागली. तिच्या मागं वाळूत पावलं उमटत गेली. पुढच्या डाव्या पावलाला चारच बोटं. पाचव्याच्या जागी नुसता गोल खळगा.

राहिमानं ते बघितलं आणि सोडून दिलं. तिला हलकं वाटत होतं.

तासाभरानं गावात ओरडा झाला. चौघांनी दरवाजाच्या फळीवर घालून दहलानला आणलं होतं. ओढ्याच्या वरच्या कपारीत पडला होता. पाय मोडलेला, ओठ फाटलेले. पण जिवंत. हाफसा त्याच्या छातीवर डोकं टेकून हुंदके देत होती, आणि तो म्हणत होता, "अगं, पाणी दे आधी. रडायला उद्या ये."

सगळे हसले. राहिमाही हसली. मग तिला बोळातली रिकामी वाळू आठवली. दहलान जिवंत आहे... मग ती कुणाची होती?

बोट तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर लागली. साहरुल खांद्यावर पिशवी टाकून उतरला, उन्हानं काळा पडलेला, दात काढून हसत. राहिमानं धावत जाऊन त्याचे हात धरले. डाव्या हाताला फडकं बांधलेलं होतं.

"हे काय?"

"दोरात अडकलं. करंगळी गेली. फोनवर मुद्दाम नाही सांगितलं, आई. तू गावभर केलं असतंस."

राहिमा हात सोडेना.

"काय झालं तुला? बरं, एक गंमत सांगतो. आज दुपारी डेकवर डोळा लागला होता. तुझा आवाज आला, अगदी कानाशी. तू कुणाला तरी जा म्हणत होतीस. मी दचकून उठलो. ए, कुणाला हाकलत होतीस?"

त्याला घरी सोडून ती तशीच बुंगाआजीकडं गेली. आजी नारळाच्या झावळ्यांचं टोपलं विणत होती.

"आजी, काल विहिरीवर... नाहीतर मग काय?"

आजीनं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि हातातली पाती खाली ठेवली.

"नाहीतर मग माणूस लांबून घरी यायचं असतं. तेव्हा ती आधी येऊन बसते. माझ्या आईनं एकदा बघितलं होतं. तेव्हा काही सांगायचं नसतं, राहिमा. त्याला येऊ द्यायचं असतं."

"मी सांगितलं."

आजीनं अर्धं विणलेलं टोपलं बाजूला सारलं आणि तिला जवळ बसवलं.

"परत बोलवायचे शब्द सांगा. काय द्यावं लागतं? शेळी देते. सगळ्या देते."

"सांगायचे शब्द आहेत, पोरी. परत बोलवायचे कुणाकडंच नाहीत. ते कधी कुणाला लागल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. आणि त्याला जंगलात पाठवू नकोस. त्याची ओरा त्याला विसरली. आता त्याला तिथं कोण ओळखणार? हरणाचा वास आणि त्याचा वास, एकच."

राहिमा परत आली तेव्हा ऊन उतरलं होतं. धक्क्यावरचे पाहुणे धावत तिच्या घराकडं येत होते, हातात फोन, चेहरे खुललेले. एवढ्या लांबून ज्या बघायला आले त्या अशा गावातच दिसतील असं त्यांना वाटलं नव्हतं. कुणीतरी त्यांना हातानं मागं लोटत होतं.

झुडपांतून एकेक ओरा बाहेर येत होती. घाई नाही, फूत्कार नाही. वाळूवर येऊन पोट टेकायची आणि तोंड वर करायची. एक, मग दोन, मग कडेची सगळी सावली भरून गेली. हाफसाच्या घराकडं एकीचंही तोंड नव्हतं.

"बाई, वाट दे," राहिमा म्हणाली. तिच्यासाठी त्या सरकल्या. ती मधून चालत जिन्यापाशी पोचली.

वर दारात साहरुल म्हाकुळं खात उभा होता. "आई, केवढ्या आल्यात बघ," तो हसत म्हणाला आणि एक पायरी उतरला. "बाई, वाट द्या गं."

एकही हलली नाही.

"वर जा," राहिमा हळूच म्हणाली. "साहरुल... वर जा."

मग ती जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली आणि एकेकीचा डावा पुढचा पाय बघत राहिली. सगळे पाच बोटांचे होते. वरच्या पायरीवर मात्र दुपारचीच शेळीची तंगडी पडली होती, न चावलेली, वाळू लागलेली, वाटा न घेता परत केल्यासारखी. ती तिथं कुणी आणून ठेवली हे साहरुललाही माहीत नव्हतं. तो तर सारा वेळ दारातच उभा होता.